भाड्याच्या फ्लॅटचा दुरुस्ती-देखभाल खर्च आधीच कसा मांडायचा? (मुंबई, जुनी सोसायटी)

तिसरा_मजला

गोरेगाव पूर्वेला वन बीएचके आहे. कार्पेट ४३० चौ. फूट, इमारत २८ वर्षांची, तळमजला अधिक सात मजले, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाथरूम आणि संडास वेगवेगळे, दोन्ही मूळ बिल्डरने बांधलेले, अजून हात लावलेला नाही. भाडं महिना ३४,०००, सोसायटीचं बिल मालक म्हणून मीच भरतो. सध्याचे भाडेकरू मेअखेर घर सोडतायत.

नवा करार करण्याआधी दुरुस्तीसाठी वर्षाला किती रक्कम बाजूला काढायची ते ठरवायचं आहे. कोणी सांगतं भाड्याच्या १० टक्के, कोणी घराच्या किमतीच्या १ टक्का, कोणी म्हणतं वर्षाला एक भाडं सोडून द्या. यातलं मुंबईला काय लागू पडतं? आणि असा ठोकताळा न वापरता नीट अंदाज काढायचा तर सुरुवात कुठून करायची?

जमाखर्च

किमतीच्या १ टक्क्याचा नियम मुंबईत पहिल्यांदा बाद करा. इथे घराच्या किमतीत मोठा वाटा जमिनीचा आणि ठिकाणाचा असतो, आणि जमिनीला गळती लागत नाही. तुमच्या फ्लॅटची किंमत सव्वा कोटी धरली तर १ टक्का म्हणजे १,२५,०००. वर्षाचं भाडं ४,०८,०००. म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त भाडं दुरुस्तीत घालायचं. तोच ४३० फुटांचा, त्याच वयाचा फ्लॅट विरारला असता तर किंमत निम्म्याहून कमी झाली असती, पण नळ, टाइल आणि रंगाचा खर्च जवळपास तेवढाच राहिला असता.

भाड्याच्या टक्केवारीचंही तेच. भाडं स्टेशनपासूनच्या अंतरावर ठरतं, पाइपच्या वयावर नाही.

त्यामुळे हिशेब कार्पेट एरिया आणि प्रत्येक वस्तूचं आयुष्य यावरून करायचा. खाली एक मांडणी देतोय. भाव हिशेबापुरते धरलेत, तिथे तुमच्या भागातलं कोटेशन टाका. आयुष्य भाड्याच्या घराचं धरलंय, स्वतः राहतो त्या घराचं नाही.

रंग: १,३५० चौ. फूट × २० = २७,०००, ४ वर्षं → वर्षाला ६,७५०
बाथरूम-संडास वॉटरप्रूफिंग, पाइप, टाइल, फिटिंगसकट: १,६०,०००, १८ वर्षं → ८,९००
ओटा, सिंक, डाडो (ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल), ट्रॉल्या: ९०,०००, १५ वर्षं → ६,०००
वायरिंग आणि डीबी (घरातली वीज वाटणारी पेटी): ६५,०००, २५ वर्षं → २,६००
फरशी: ५१,०००, २५ वर्षं → २,०४०
स्लायडिंग खिडक्या: ७० चौ. फूट × ५५० = ३८,५००, २० वर्षं → १,९२५
बाथरूम-संडासाचे दरवाजे: १२,०००, ८ वर्षं → १,५००
गीझर: ९,०००, ७ वर्षं → १,२८५
पंखे ३: ७,५००, १० वर्षं → ७५०
एसी १: ३८,०००, ८ वर्षं → ४,७५०

बेरीज साधारण ३६,५००. त्यात दर वर्षीची किरकोळ कामं (पेस्ट कंट्रोल, नळाचे स्पिंडल (आतला फिरणारा भाग) आणि वॉशर, फ्लशचा व्हॉल्व्ह, पावसाळ्याआधी खिडक्यांना सीलंट, नहाणी साफ करणं) ७,००० धरा. एकूण ४३,५००. चौरस फुटाला वर्षाला शंभरेक रुपये, म्हणजे तुमच्या भाड्याच्या साडेदहा टक्क्यांच्या आसपास. १० टक्के सांगणारे तुमच्या बाबतीत जवळपास बरोबर ठरतात, पण तो योगायोग आहे. हाच फ्लॅट ५५,००० भाड्याच्या जागी असता तर ते चुकले असते.

ओळंबा

मांडणी चांगली आहे, पण तिच्यात एक मोठी गफलत होऊ शकते. हा भागाकार सगळ्या वस्तू आज नव्या आहेत असं धरून चालतो. या घरातली बाथरूम २८ वर्षांची आहे. १८ वर्षांचं आयुष्य धरलं तर ते दहा वर्षांपूर्वीच संपलंय. तिच्यासाठी वर्षाला ८,९०० बाजूला काढून पुरणार नाही. जी रक्कम साठायला हवी होती ती साठलेली नाही आणि काम दारात उभं आहे.

म्हणून जमाखर्च यांच्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला: आजचं वय. मग ज्या वस्तूंचं उरलेलं आयुष्य तीन वर्षांपेक्षा कमी आहे त्या वेगळ्या काढा. धागाकर्त्यांनी दिलेल्या माहितीवरून बाथरूम-संडास नक्की, वायरिंग बहुतेक, आणि खिडक्या मूळच्या असतील तर त्याही. १,६०,००० + ६५,००० + ३८,५०० = २,६३,५००. तीन वर्षांत म्हणजे वर्षाला जवळपास ८८,०००, भाड्याच्या एकवीस टक्क्यांच्या वर. ही मागची थकबाकी. ती फिटली की चौथ्या वर्षापासून जमाखर्च म्हणतात तो ४३,५०० चा आकडा लागू होतो.

सरासरी काढताना हेच लपतं. दहा वर्षांचा फ्लॅट आणि अठ्ठावीस वर्षांचा फ्लॅट यांची सरासरी सारखी येते, पण पहिल्या तीन वर्षांत लागणारी रोकड तिपटीने वेगळी असते.

रंगाचं क्षेत्रफळ कार्पेटवरून काढायचं तर तिपटीचा अंदाज पुरतो. खोली मोजून पडताळा: हॉल १०×१५, उंची साडेनऊ फूट, भिंती ४७५ आणि छत १५०. बेडरूम १०×११, भिंती ३९९ आणि छत ११०. किचन ७×९, भिंती ३०४ आणि छत ६३. पॅसेज आणि बाथरूमच्या टाइलवरचा भाग शंभरेक. त्यातून दारं, खिडक्या, डाडो मिळून अडीचशे वजा. साडेतेराशे येतात. जुन्या भिंतीवर टच-अप पुट्टी आणि इमल्शनचे दोन हात द्यायला २० लिटरचा एक ड्रम जेमतेम पुरतो. कंत्राटदार १,६०० चौ. फूट मोजून आला तर दारं-खिडक्या वजा केल्यात का ते विचारा. काही जण सवयीने करत नाहीत.

पश्चिमेकडच्या किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला खार फुटला असेल, म्हणजे पांढरी पूड येत असेल, तर तिथे आत्ता रंग लावू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, ते थांबवा, प्लास्टर तेवढं फोडून नवं करा, सात दिवस पाणी मारा आणि निदान तीन आठवडे वाळू द्या. ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की पहिल्या पावसात फुगे येतात आणि २७,००० मधले सहा-सात हजार पुन्हा जातात.

मालवणी_माणूस

थकबाकीचा रकाना हा सगळ्यात कामाचा मुद्दा. सहमत.

नळजोड

बाथरूमबद्दल सविस्तर लिहितो, कारण अंदाज सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत साधारण असं असतं: बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली टाकलेला, म्हणजे संक. त्यात ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), त्यात ड्रेनेजचे पाइप, वर फरशी. पाण्याच्या लाइन जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) आणि भिंतीत दाबलेल्या. जीआय पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून गंजत बारीक होतो आणि एल्बोपाशी (वळणाच्या सांध्यापाशी), आटे पाडलेल्या जागी, सगळ्यात आधी फुटतो. आटे पाडताना पाइपची जाडी तिथे निम्मी झालेली असते.

ओळखायचं कसं? सकाळी पहिला तांब्या पांढऱ्या बादलीत घ्या. लालसर पाणी आलं की पाइपचे दिवस भरत आले. थंड नळाला जोर आहे पण गरम नळाला नाही, तेव्हाही हीच शंका घ्या.

गळतीचं निदान फोडण्याआधी करा. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल असेल तर आधी तुमच्या बाथरूमचे सगळे व्हॉल्व्ह २४ तास बंद ठेवा आणि बाथरूम कोरडी ठेवा. ओल कमी झाली की आधी शंका दाबाच्या, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या, लाइनवर घ्या. ओल तशीच असेल तर व्हॉल्व्ह उघडा, बाथरूम वापरू नका, आणि दुसऱ्या दिवशी नहाणी ट्रॅपचं (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी वाहून नेणाऱ्या तुकड्याचं) तोंड बंद करून फरशीवर दोन इंच रंगीत पाणी साठवा. रंग खाली उतरला तर फरशी-कोबा किंवा ट्रॅपचा सांधा. फक्त फ्लश केल्यावर थेंब पडतात तेव्हा संडासाचा ट्रॅप किंवा त्याचा आउटलेट. या चाचण्यांना खर्च जवळपास शून्य आहे, आणि त्या न करता थेट फोडाफोड म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

"फोडाफोड न करता" असं सांगून टाइलच्या सांध्यांत इंजेक्शन किंवा एपॉक्सी भरणारे लोक मिळतात. फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपत असेल तेव्हा याचा खरंच उपयोग होतो. पण पाइप फुटला असेल किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला असेल तर एक पावसाळाही टिकत नाही, कारण पाणी वरून येतच नाही, ते संकमध्येच साठलेलं असतं. अठ्ठावीस वर्षांच्या जीआयवर ते पैसे घालू नका.

पूर्ण काम करायचं तर कोटेशनमध्ये हे सगळं वेगवेगळं लिहून मागा:

स्लॅबपर्यंत फोडून डेब्रिज (राडारोडा) उतरवणं. स्लॅबमधले तडे आणि उघड्या सळ्या यांची दुरुस्ती (हे फोडल्यावरच कळतं, म्हणून दर चौरस फुटावर ठरवा, ठोक नको). स्लॅबवर सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि तेच भिंतीवर फूटभर वर चढवलेलं. पहिली पाँडिंग टेस्ट (पाणी साठवून गळतं का पाहणं) ४८ तास. मग पाइप, नहाणी ट्रॅप, कोबा, ट्रॅपकडे निदान १०० ला १ असा उतार. संकच्या तळातून बाहेर एक छोटा स्पाउट. कोब्यावर दुसरी पाँडिंग टेस्ट. त्यानंतरच टाइल.

तो स्पाउट बरेच जण गाळतात. पुढेमागे संकमध्ये पाणी शिरलंच तर ते खालच्याच्या छतात न जाता बाहेर ठिबकतं आणि तुम्हाला आधी कळतं. शेदोनशे रुपयांचा पाइप आहे, सोडू नका.

सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपची) लाइन टाकली की टाइल लावण्याआधी हातपंपाने दाबाची चाचणी झालीच पाहिजे. सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर २४ तास थांबून नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि काटा उतरतो का पाहायचं. नळ जिथे बसतात तिथे पितळी आट्याचेच फिटिंग हवेत. प्लास्टिक आट्यात धातूचा नळ पाना लावून आवळला की केसाइतका तडा जातो आणि तो सहा महिन्यांनी बोलतो.

डेब्रिजचा खर्च बहुतेकांच्या अंदाजात नसतोच. ४×७ ची बाथरूम, फूटभर संक: २८ घनफूट. भिंतीच्या टाइल सात फुटांपर्यंत, दार वजा जाता साधारण १३७ चौ. फूट, प्लास्टरसकट दीड इंच जाडी: १७ घनफूट. एकूण ४५. फोडल्यावर माल फुगतो, म्हणून साठ-पासष्ट गोण्या. वजन सव्वादोन टन. छोटा हत्ती पाऊण टनाचा, म्हणजे तीन फेऱ्या. लिफ्टमधून डेब्रिज नेऊ देत नाहीत, त्यामुळे गोणीमागे मजल्याप्रमाणे मजुरी वाढते. वर टाइल, वाळू, सिमेंट चढवण्याची मजुरी वेगळी. नाल्याकाठी टाकून येणाऱ्या टेम्पोला काम देऊ नका, दंडाची वेळ आली तर चौकशी तुमच्या दारापर्यंत येते. महापालिकेची डेब्रिज उचलण्याची सोय आहे, वॉर्ड ऑफिसात आधी विचारा.

बाथरूमच्या दाराला लाकडी चौकट असेल तर याच कामात ग्रॅनाइटची बसवा. लाकूड खालून कुजतं, वाळवी लागते, आणि नंतर ती बदलायची तर नव्या टाइल फोडाव्या लागतात.

तिसरा_मजला

नळजोड, फार उपयोगी. दोन प्रश्न. बाथरूम आणि संडास एकदमच करावं का? आणि १,६०,००० ची रक्कम पुरेल का?

नळजोड

एकदमच करा. दोघांची भिंत एकच, पाण्याची लाइन एकच, डेब्रिजच्या फेऱ्या एकाच वेळी होतात. घर रिकामं असताना केलंत तर संडास बंद राहण्याचा प्रश्नही येत नाही. वेगवेगळं केलं तर दुसऱ्या वेळी पहिल्याच्या नव्या टाइल धक्क्याने सैल होतात.

रक्कम टाइल आणि फिटिंगवर अवलंबून आहे. भाड्याच्या घरात भिंतीत दाबलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) टाळा. बिघडला तर टाइल फोडून काढावा लागतो. साधा वॉल मिक्सर घ्या, स्पिंडल कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फ्लशची टाकी बाहेर बसणारी घ्या, भिंतीत दडवलेली नको. भिंतीच्या चारसहा टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा, तीन वर्षांनी तो डिझाइन नंबर मिळत नाही. आणि स्लॅबच्या दुरुस्तीसाठी १५ टक्के जादा धराच. सळ्या गंजून फुगल्या असतील तर तो खर्च फोडल्यावरच समोर येतो.

फ्यूज_तार

वायरिंगबद्दल थोडं. २५ वर्षं झाली म्हणून सगळी वायर बदलायची असं नाही. आधी इन्सुलेशन मेगरने (ते मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. एका मेगाओहमच्या खाली सर्किट आलं तर ते बदलायचंच. पण जुन्या घरातला खरा त्रास वायर खराब होण्यापेक्षा ती अपुरी असण्याचा असतो. तेव्हा एक टीव्ही, एक फ्रिज आणि चार पंखे गृहीत धरून वायर टाकली जायची. आता भाडेकरू एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि वॉशिंग मशीन घेऊन येतात. दोन किलोवॅटचा गीझर ९ अँपियरच्या आसपास घेतो, इंडक्शन शेगडी तेवढेच. दोन्ही एकाच जुन्या सर्किटवर आले की सॉकेट काळा पडतो.

कमीत कमी एवढं करा: गीझर आणि एसीला डीबीपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर, ओट्यावरच्या सॉकेटना २.५ ची, दिव्यांना १.५ ची. डीबीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्थिंग खरंच पोचतंय का ते तपासून घ्या. बऱ्याच जुन्या घरांत तिसऱ्या पिनला वायर जोडलेलीच नसते. गीझरच्या खाली ओल्या अंगाने माणूस उभा राहतो, तिथे आरसीसीबी नसणं हा पैशांचा प्रश्न राहत नाही. भाडेकरू आपल्या भरवशावर त्या घरात राहतात.

भार वाढवायचा असेल तर वीज कंपनीकडे मंजूर भार आधी वाढवून घ्या. उपनगरात अदानी किंवा टाटा, शहरात बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण.

गीझरचं आयुष्य ७ वर्षं धरलंय ते पालिकेच्या पाण्यावर ठीक आहे, ते पाणी मऊ असतं. सोसायटी टँकरवर किंवा बोअरवर चालत असेल तर एलिमेंटवर क्षार साठतो. तिथे ५ धरा आणि दर दोन वर्षांनी अ‍ॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) तपासा. एसीचंही तसंच. समुद्राकडच्या इमारतीत खाऱ्या हवेने कॉइलला बारीक भोकं पडतात आणि गॅस उडतो. वर्सोवा-मढच्या बाजूला ८ ऐवजी ५-६ वर्षं धरलेली बरी.

परांची

सगळे घराच्या आतलं बोलतायत. २८ वर्षांच्या इमारतीत बाहेरचा खर्च विसरला तर अंदाज कोलमडेल.

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून स्थिरतेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तुमची सोसायटी दोन वर्षांत तिथे पोचते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सचिवांकडून शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागून वाचा. त्यात कॉलम, बीम, बाहेरचं प्लास्टर, गच्ची यांवर काय काम सुचवलंय ते असतं. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात अंदाजपत्रकही सापडेल.

मग सोसायटीच्या निधीत किती शिल्लक आहे ते पाहा. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. पण हा बांधकाम खर्च बहुतेक ठिकाणी इमारत उभी राहिली त्या वेळचा धरलेला असतो. तेव्हाच्या भावावरचे पाव टक्के साठून आजच्या भावाचं प्लास्टर होत नाही. फरक सभासदांकडून हप्त्याने घेतात. अंदाजपत्रक भागिले एकूण चौरस फूट, गुणिले तुमचा एरिया, वजा निधीतला वाटा, अशी तुमची रक्कम निघते. कंत्राटदाराच्या कोटेशनवर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, तो धरायला विसरू नका.

आणखी एक. इमारतीला बाहेरून परांची (कामगारांना उभं राहायचा बांबूंचा सांगाडा) लागते तेव्हा एसीचे आउटडोअर, ग्रिल, डिश सगळं काढून परत बसवावं लागतं आणि तो खर्च फ्लॅटमालकाचा. पण त्याच परांचीवरून खिडक्या बदलता येतात आणि बाहेरून सीलंट नीट भरता येतं. ऑडिट जवळ असेल तर ३८,५०० च्या खिडक्या आत्ता करू नका, परांची लागेपर्यंत थांबा. तोवर खालच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची भोकं मोकळी करा आणि बेअरिंग बदला. पाऊस आत येतो म्हणून खिडकी बदलली जाते आणि दोष फक्त बुजलेल्या भोकांचा असतो, असं वारंवार दिसतं.

गळतीचा खर्च कोणाचा यावर नेहमी वाद होतो. बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. तुमच्या बाथरूममधून खालच्याकडे गळलं तर ते तुमचं. म्हणून नळजोड यांच्या चाचण्या करून, फोटो जोडून सोसायटीला लेखी द्या. तोंडी बोलण्याला सभेत किंमत राहत नाही.

जमाखर्च

परांची यांच्या मुद्द्याला जोडून: भाड्याने दिल्यावर लागणारा ना-वापर आकार सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. त्यात मालमत्ता कर धरायचा नाही. बिलात जास्त लावला असेल तर ती गळतीही बंद करा. ५०० चौ. फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, ४३० फूट त्यात बसतं.

आयकराचं: घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. तुमच्या बाबतीत ४,०८,००० वर १,२२,४००. तुम्ही दुरुस्तीवर शून्य खर्च करा किंवा अडीच लाख, वजावट तेवढीच. त्यामुळे बाथरूमच्या बिलाची वेगळी वजावट मागता येत नाही, आणि हे ३० टक्के म्हणजे खर्चाचा अंदाजही नाही. तरी बिलं जपून ठेवा, सोसायटीच्या वादात आणि डिपॉझिटच्या हिशेबात लागतात.

ओळंबा यांची दुरुस्ती मान्य. भाववाढही धरा: वर्षाला ६ टक्के धरले तर आजचं १,६०,००० चं काम दोन वर्षांनी १,८०,००० च्या घरात जातं.

कुलूपकिल्ली

भाडेकरू बदलतो त्या महिन्याचा खर्च कोणीच मांडला नाही. एक महिना घर रिकामं, ३४,०००. एजंटची दलाली, सहसा एक भाडं, ३४,०००. रंग-सफाई वेगळी. दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो असं धरलं तर वर्षाला ३४,००० हेच होतात, म्हणजे जवळपास सगळ्या दुरुस्तीइतके. म्हणून चांगल्या भाडेकरूची गीझरची तक्रार दोन दिवसांत मिटवणं हा सगळ्यात स्वस्त देखभाल खर्च आहे.

करारात स्पष्ट लिहा: अमुक रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती, बल्ब, वॉशर, एसीची सर्व्हिसिंग भाडेकरूकडे. पाइप, वायरिंग, गळती, उपकरण बदलणं मालकाकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची.

डिपॉझिटमधून कापताना वस्तूचं वय धरा. चार वर्षं टिकणारा रंग तीन वर्षांनी खराब झाला तर त्याची उरलेली किंमत पाव. पूर्ण २७,००० कापणं अन्यायाचं आहे आणि ते टिकतही नाही. उलट नवीन टाइलला ड्रिल मारून तडा गेला असेल तर तो खर्च त्यांचा. ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मीटरचं रीडिंग आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या. गॅसची रबरी नळी बदलण्याची तारीख नळीवर छापलेली असते, तीही तेव्हाच पाहा.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. खिडक्या पुढे ढकलतो. जूनपासून पाऊस आहे. मेअखेर घर हातात आलं तर बाथरूम पावसाळ्यात करावी की नाही? आणि क्रम कसा ठेवू?

ओळंबा

बाथरूमचं काम आतलं आहे, पावसाळ्यात होतं. फक्त प्लास्टर आणि कोबा वाळायला वेळ लागतो, म्हणून एकूण २०-२५ दिवस धरा. सोसायटीत दुपारी ठोकाठोक बंद असते आणि रविवारी काम बंद, हे त्यात धरूनच. नूतनीकरणाचं पत्र आणि डिपॉझिट सोसायटीला आत्ताच द्या, आणि प्लंबर आत्ताच ठरवून ठेवा. मेमध्ये बरेच कारागीर गावी जातात.

क्रम: आधी सगळी फोडाफोड, बाथरूमची आणि वायरिंगची एकदम, म्हणजे डेब्रिज एकदाच उतरतं. मग पाइप आणि भिंतीतल्या वायरच्या नळ्या. दाबाची चाचणी, पाँडिंग. टाइल. मग दारं. वायर ओढणं. रंग सगळ्यात शेवटी, आणि जुलैत बाहेरच्या भिंती दमट असतील तर तेवढ्या भिंतींना फक्त प्रायमर मारून भाडेकरूंना सांगून ठेवा की दिवाळीआधी एक दिवस रंगारी येईल.

नळजोड

आणि हे काम सुरू करण्याआधी खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं छत त्यांच्यासमोर फोटो काढून घ्या. तुमच्या इथे हातोडा पडायला लागला की त्यांच्या छताचे जुने पोपडे पडतात, आणि ते आधी होते की नव्हते हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

तिसरा_मजला

कळलं. सोसायटीला पत्र याच आठवड्यात देतो, सोबत ऑडिट रिपोर्टची प्रतही मागतो. हाती आली की त्यातले आकडे इथे टाकेन.